तीन समान भाग

अमोस वाघमारेंनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. त्यांच्या मुलीच्या डोक्यावरचं छप्पर गेलं ते या दोन्हींशिवाय गेलं, आणि ते जात होतं तेव्हा खोलीत इतकी शांतता होती की शेजारच्या फ्लॅटमधल्या माहजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्या ऐकू येत होत्या. मी तिथे होते. कागद माझ्याच मांडीवर होता. म्हणून हे मीच लिहायला हवं.

सिंगापुरात चोआ चू कांगला आम्ही सातव्या मजल्यावर, वाघमारे आठव्या. माझे आईबाबा पुण्याहून आलेले, बाबा एका कंपनीत अकाउंटंट. वाघमारे त्यांच्या कितीतरी आधी इथे जहाजांच्या यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून आले होते. मराठी ख्रिस्ती, त्यातही क्वेकर. होशंगाबादकडच्या मिशनच्या शाळेत त्यांचे वडील मास्तर होते. आई नगरकडची, म्हणून घरात मराठी. क्वेकर म्हणजे काय, हे त्यांनी माझ्या आईला लिफ्टची वाट बघताना सांगितलं होतं. पाद्री नाही, क्रूस नाही, गाणी नाहीत. रविवारी दहा-बारा माणसांनी गोल करून गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलंच तर त्याने उठून सांगायचं, नाहीतर तासाभराने एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि घरी जायचं.

आई म्हणाली, "आणि प्रसाद?"

"चहा असतो," ते म्हणाले.

आडनाव वाघमारे आणि माणूस झुरळ कागदावर घेऊन आठ मजले खाली सोडायला जाणारा. यावर सगळ्यांचं हसून झालेलं होतं. उंच, मानेत थोडे वाकलेले, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पदव्या, मानाची संबोधनं त्यांना चालत नसत, कारण देवापुढे सगळे सारखे. आता सिंगापुरात केस पिकलेला प्रत्येक पुरुष अंकल. खालच्या कॉफीवाल्याशी त्यांचा त्यावरून रोज सकाळी तंटा.

"अंकल, कोपी?"

"अमोस."

"ओके, अंकल अमोस."

"नुसतं अमोस."

"कॅनॉट लाह, अंकल. माय मदर विल स्कोल्ड."

मागे रांगेत सहा माणसं. ना तो हटला ना हे. माझ्या आईला तर नुसतं नाव घेणं जन्मात जमलं नसतं. ती वाघमारे काकाच म्हणायची आणि ते प्रत्येक वेळी हसून "अमोस" म्हणायचे. मला जमलं. मी चौदा वर्षांची होते आणि पासष्टीचा माणूस मला "अनघा, तुमचं काय मत आहे?" असं विचारत होता. कारण त्यांच्या लेखी सगळेच तुम्ही: मी, माझा दुसरीतला भाऊ, जिना पुसणारा माणूस. त्या वयात त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या मागे कुठेही गेले असते. गेलेच.

रूथताईलाही ते तुम्हीच म्हणत. "रूथ, तुम्ही चहा करता का?" इतक्या आदराने विचारलेल्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं, हे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तीन मुलं. थोरला सुहास बँकेत, धाकटा विजय कॉम्प्युटरच्या कंपनीत मॅनेजर, दोघांचेही कॉन्डो, म्हणजे महागडे खासगी फ्लॅट, विजयचा पासिर रिसला, बाल्कनीतून समुद्र दिसणारा. मधली रूथताई. ती बत्तीस वर्षांची असताना आईला अर्धांगवायू झाला. तिने वाचनालयातली नोकरी सोडली, एका दवाखान्याच्या काउंटरवर सकाळचं अर्धवेळ काम धरलं आणि उरलेला दिवस आईला दिला. नऊ वर्षं. आई गेली तोवर वडिलांचं हृदय बिघडलं होतं. आणखी पाच वर्षं. लग्नाचं एकदा जमत आलं होतं म्हणतात. कुणी फारसं बोलत नाही.

वाघमारेंची एक गोष्ट क्वेकरांत फार सांगितली जाते. यार्डात एक दिवस गनबोटीचं काम आलं. त्यांच्या टेबलावर नकाशा ठेवला गेला, तोफ बसवायच्या चौथऱ्याचा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, साहेबाला शांतपणे म्हणाले, "हे माझ्या हातून होणार नाही," आणि डबा घेऊन घरी आले. नंतर जी नोकरी मिळाली ती निम्म्या पगाराची. गोष्ट इथे संपते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही आले होते.

तिचा उरलेला भाग मला रूथताईने भेंडी चिरताना सांगितला. अमोसनी नोकरी सोडली त्या दिवसापासून आईने लोकांचे ब्लाउज शिवायला घेतले. सुहास-विजयची ट्यूशन चालू राहिली. रूथताईची बंद झाली, कारण मुलगी हुशार होती, तिचं तिचं करेल असं ठरलं. कुणी ठरवलं, असं मी विचारलं.

"बसून ठरलं," ती म्हणाली. "आमच्याकडे कुणी ठरवत नाही. बसून ठरतं."

तत्त्व अमोसचं असायचं आणि हिसका दुसऱ्या कुणाला तरी बसायचा. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी तेव्हा दुसरीकडे बघत होते.

विशी गाठेपर्यंत मी पत्रकं लिहायला लागले होते. घरकाम करणाऱ्या हेल्पर मुलींना आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून आमचा सात-आठ जणांचा गट ओळखीच्या घरी जाऊन पत्रकं वाटायचा. माझं पहिलं मराठी पत्रक मी अमोसना दाखवलं. त्यात आमच्याच ब्लॉकमधल्या अकराव्या मजल्यावरच्या एका बाईंचं नाव होतं. त्यांच्याकडची हेल्पर, जावा बेटावरची मुलगी, रविवारीसुद्धा सकाळी सातला गाडी धूत असायची. अमोसनी पेन्सिलीने नावावर रेघ मारली.

"खोटं नाहीये ते," मी म्हटलं.

"नाही. पण माणसाला परत यायला दार ठेवावं, अनघा."

मी दार ठेवलं. त्या बाईंनी पत्रक आमच्याच सोफ्यावर बसून वाचलं, म्हणाल्या, "किती छान लिहिलंय गं. असतात बाई लोक असे." पुढच्या रविवारी सातला ती मुलगी गाडी धूत होती. तेव्हापासून दारांवरचा माझा विश्वास उडाला आहे. या लेखात मी एकही ठेवलेलं नाही. सुहास वाघमारे, विजय वाघमारे, हे तुमच्याबद्दल आहे.

त्या पत्रकाच्या चारशे प्रतींच्या घड्या आम्ही वाघमारेंच्या जेवणाच्या टेबलावर घातल्या. वर ठळक अक्षरात होतं: "आठवड्यातला एक दिवस तिचा." अमोस कडेला कड लावून इतकी नेटकी घडी घालत की पत्रक आमंत्रणपत्रिकेसारखं दिसे. रूथताई चहाचा ट्रे घेऊन आली, वाकून मथळा वाचला.

"छान आहे. एक मला ठेव."

आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. चौदा वर्षांत तिला एक रविवार सुट्टीचा मिळाला नव्हता आणि ती तीन जणांचा चहा घेऊन उभी होती.

आता ती बैठक.

डॉक्टरांनी अमोसना सांगितलं की व्यवस्था लावून ठेवा. मालमत्ता म्हणजे मुख्यतः तो फ्लॅट. दुसरा कुणी असता तर वकिलाकडे गेला असता. यांनी मुलांना रविवारी दुपारी बोलावलं, सुनांना नाही, आणि पाच खुर्च्या गोल मांडल्या. पाचवी माझी. क्वेकरांत मतदान नसतं. बहुमत हीसुद्धा एक जबरदस्तीच, असं ते मानतात. सगळे गप्प बसतात, ज्याला सुचेल तो बोलतो, मग पुन्हा गप्प. शेवटी एक जण जे ठरलंसं वाटतं त्याची नोंद लिहून मोठ्याने वाचतो. कुणी हरकत घेतली नाही तर ते सगळ्यांचं मत. ती नोंद लिहायला कुणी बाहेरचं हवं म्हणून मला बोलावलं होतं. मला केवढा अभिमान वाटला होता.

अमोस म्हणाले, "हे घर आणि जे काही आहे ते मला माझ्या मर्जीने वाटायचं नाही. आपण मिळून ऐकू या."

दहा मिनिटं गेली. सुहासने खिशातला फोन न काढता वरूनच चाचपला. मग म्हणाला, "तिघांना समान. बाबा, तुम्हीच शिकवलंत. फ्लॅट विकायचा, थ्री इक्वल पार्ट्स. सिंपल लाह."

गप्प. विजयने घसा साफ केला. "मलाही तसंच वाटतं."

आणि मग ती शांतता. वीस मिनिटं तरी असेल. समान या शब्दाला विरोध कोण करणार? दोघांकडे समुद्र आणि स्विमिंग पूल; तिसरी याच भिंतींत राहणारी, आणि तेवढ्या एका भागात तिला स्वतःचा फ्लॅट कुठेच घेता येणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रूथताई स्वतःच्या हातांकडे बघत होती. एकदा तिने मान वर केली, वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा खाली घातली. अमोसचे डोळे मिटलेले होते.

"लिहा," ते म्हणाले.

मी लिहिलं. वाचून दाखवलं. फ्लॅट विकून तीन समान भाग. "कुणाला काही अडचण?" त्यांनी विचारलं. सोंगट्यांचा आवाज आला. "बैठकीचं एकमत आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता. मुलांवर सोपवलं आणि मुलं भांडली नाहीत. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे हात मिळवले. रूथताईने दोन्ही भावांचे हात हातात घेतले आणि चहा ठेवायला गेली. आठवड्यात वकिलाने त्यावरून मृत्युपत्र केलं. साक्षीदार दोन. त्यातली एक सही माझी.

त्यानंतर चार दिवसांनी मी रूथताईला विचारलं, तू बोलली का नाहीस.

"आमच्यात स्वतःसाठी बोलत नाहीत. लहानपणापासून शिकवलंय, स्वतःचं असेल तर दोनदा गिळा. मी थांबले होते. वाटलं, कुणीतरी बोलेल."

"कोण?"

"बाबा." मग म्हणाली, "तुझ्याकडे पण बघितलं होतं मी."

मी जिन्याने वर-खाली दोन चकरा मारल्या आणि मग अमोससमोर जाऊन उभी राहिले. जे होतं ते सगळं बोलले. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत, कुणालाच मध्ये तोडत नसत. चेहऱ्याचा रंग मात्र उतरला. त्यांना खरंच दिसलं नव्हतं. मी त्यांना याची सूट देत नाही. ज्याचं सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं, त्याला स्वतःच्या मुलीचं गप्प बसणं होकारासारखं ऐकू आलं.

"चूक झाली," ते म्हणाले. "बैठक पुन्हा बोलवायला हवी."

"बैठक कशाला? वकिलाकडे चला. अर्ध्या तासाचं काम आहे."

"सगळ्यांनी मिळून ठरवलेलं मी एकट्याने बदललं तर ती माझी मर्जी होईल."

"होऊ दे ना. घर तुमचंच आहे."

"म्हणूनच तर."

"काका, ती कुठे जाणार?" मी म्हटलं. काका म्हटल्याबद्दल त्यांनी मला त्या दिवशी टोकलं नाही.

त्यांनी मुलांना फोन केले. सुहास म्हणाला, "बाबा, सेटल झालंय ना. व्हाय ओपन अगेन?" विजय म्हणाला, या रविवारी मुलाची स्विमिंगची स्पर्धा आहे, पुढच्या रविवारी नक्की. पुढच्या रविवारी अमोसनी खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही मांडल्या. असे आठ रविवार. दुपारी दोनला खुर्च्या गोल, साडेतीनला पुन्हा भिंतीला. दुखऱ्या छातीने ते एकेक खुर्ची उचलत. दोन्ही मुलगे भेटायला यायचे, हवं तर बुधवारी, फळं घेऊन, पण रविवारी दुपारी नाही. समोरासमोर बसलं तर कुणीतरी बोलेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तेही त्याच घरात वाढले होते.

आठव्या रविवारनंतरच्या गुरुवारी अमोस झोपेत गेले. जुनं मृत्युपत्र तसंच होतं.

क्वेकरांची स्मरणसभाही तशीच असते: गोल बसायचं, सुचेल त्याने उठायचं. एक म्हातारी इंग्रज बाई उठली आणि म्हणाली, अमोससारखा न्यायी माणूस तिने पाहिला नाही. यार्डातला एक चिनी सहकारी उठला आणि त्याने गनबोटीची गोष्ट सांगितली. मग मी उठले. नातवंडांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले. म्हटलं, अमोसना तीन मुलं. दोघांना स्वतःची घरं आहेत. तिसरीने चौदा वर्षं दोन आजारी माणसं सांभाळली, आणि ज्या घरात सांभाळली ते आता विकलं जाणार आहे. ही चूक दुरुस्त करायला अमोसनी दोघांना आठ वेळा बोलावलं. ते आठही वेळा आले नाहीत. मग मी दोघांची नावं घेतली, पूर्ण, आडनावासकट, आणि बसले.

त्यांच्यात बोलणाऱ्याला तोडत नाहीत. बोलून झाल्यावर लगेच उत्तरही देत नाहीत; जे बोललं गेलं ते सगळ्यांच्या आत उतरू देतात. त्या दिवशी मी त्या रिवाजाच्या प्रेमात पडले. सुहासची मान कानांपासून खाली लाल होत गेली ती मी सावकाश बघितली. विजयच्या मुलाने विचारलं, "डॅडी, शी टॉकिंग अबाउट यू, इज इट?" त्याला कुणी गप्प केलं नाही, कारण गप्प करायला बोलावं लागलं असतं. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं.

रूथताईला नाही वाटलं. लिफ्टपाशी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?"

"खरं होतं ना?"

"खरं माझं होतं. मी ठेवलं होतं ते. तू कशाला वापरलंस?"

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. फ्लॅट विकला गेला. "बाबांची इच्छा," असं दोघे सगळ्यांना सांगत होते, आणि कागदावर माझी सही होती. सुहासने तिला विचारलं म्हणे, आमच्याकडे येतेस का, एक खोली आहे रिकामी, किचनच्या मागची. कुठल्याही कॉन्डोत किचनच्या मागच्या खोलीत कोण राहतं, ते मी चारशे पत्रकांत लिहिलं होतं. रूथताईने त्याला नको म्हटलं आणि बुकित पंजांगला एका चिनी विधवेच्या फ्लॅटमध्ये भाड्याची खोली घेतली. म्हातारीचे पाय सुजतात. रात्री उठावं लागतं, असं रूथताई म्हणते.

अमोस मला शेवटचे दिसले ते त्या आठव्या रविवारी. कायदा शिकणाऱ्या एका मैत्रिणीकडून मी अर्ध्या पानाचं नवं मृत्युपत्र टाइप करून घेतलं होतं. घर रूथचं, बाकी काही नाही. दोन साक्षीदार लागतात, म्हणून मैत्रिणीलाही बरोबर नेलं. खुर्च्या मांडलेल्याच होत्या. आम्ही त्यातल्या दोन घेतल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला, पेन हातात घेतलं, टोपण काढलं.

"रूथने सांगितलं हे आणायला?"

"नाही."

"मग त्यांना विचारू या." त्यांनी हाक मारली.

रूथताई ओले हात घेऊन आली. ते म्हणाले, "रूथ, अनघाने हे आणलंय. यात घर तुमच्या नावावर आहे. तुम्हाला हे हवं आहे का?"

मी मनातल्या मनात तिला ढकलत होते. एक शब्द. हो म्हण. तिने कागदाकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. या वेळी मान खाली नव्हती. सरळ डोळ्यांत बघत ती उभी राहिली. एक मिनिट झालं असेल, जास्तही. हातावरचं पाणी लादीवर टपकत होतं. तेव्हा मला कळलं की ती बोलणार नाही. तिला सुचत नव्हतं म्हणून नाही, भीड होती म्हणूनही नाही. द्यायचं त्यांचं काम होतं, आणि तेवढं एक काम ती त्यांच्यासाठी करणार नव्हती.

"रूथ?" ते म्हणाले.

"भात लागेल खाली," असं म्हणून ती आत गेली.

मी म्हटलं, "अमोस, सही करा."

"त्या काही बोलल्या नाहीत."

"बोलली."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हो," म्हणाले. "बोलल्या." आणि पेन तसंच हातात. "तुम्ही आता जा, अनघा. मला बसू दे."

आम्ही निघालो. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्यांच्या खिडकीवरून जावं लागतं. मी गजांतून आत पाहिलं. त्यांनी स्वतःची खुर्ची त्या गोलातून बाहेर ओढली होती, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून ठेवली होती, आणि मान पुढे काढून ते ऐकत बसले होते. डोळे उघडे होते. आत रूथताईने त्यांच्याकडे पाठ केलेली होती. तिने हात वर केला आणि घरघरणारा एक्झॉस्ट पंखा लावला.